चुकांचा उतार

त्रिशला गेल्यापासून मी रोज मुद्दाम एक चूक करायचो.

शेडमध्ये गेलो की पहिल्या मागाच्या पडद्यापुढे उभा राहायचो, बाणा घालायचा हुकूम लिहायचो आणि ताणा किती धाग्यांचा ते सांगायचंच नाही. उभे धागे कुठले ते माहीत नसताना आडवा धागा घालणार कशात? माग हलायचा नाही. पडद्यावर अक्षरं यायची:

‘अहो, बाणा कशात घालू? आधी ताणा सांगा. घाई नाही.’

ती वाचायची, पुसायची आणि पान्हा घेऊन कामाला लागायचं.

मी भरतेश मगदूम. इचलकरंजीत जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करणारा. मला लोखंड कळतं. कॉम्प्युटर कळायचा तो माझ्या बायकोला, त्रिशलाला. ती पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची. हवेच्या झोतावर चालणारे नवे माग गावात आले तेव्हा त्यांना परदेशी कंपनीची भाषा लागायची. साडीचा काठ जरा रुंद करायचा म्हटला तरी कंपनीचा माणूस येईपर्यंत माग उभा. त्रिशलाला ते बघवेना. तिने एक छोटी भाषा तयार केली. शब्द सगळे शेडमधलेच: ताणा, बाणा, काठ, फूल, थांब. विणणाऱ्याने स्वतः चार ओळी लिहाव्यात आणि काठ बदलावा, एवढंच तिला हवं होतं. नाव ठेवलं धोटा, म्हणजे जुन्या मागात बाणा घेऊन इकडून तिकडे पळणारं शटल. नव्या मागांना धोटा नसतोच, बाणा हवेनेच पलीकडे जातो. ती म्हणाली, वस्तू गेली, नाव तरी राहू दे. पुढे गावातल्या बहुतेक शेडांनी धोटा घेतली.

चूक झाली की पडद्यावर काय यावं हे तिने एकेक करून लिहिलं. विणणाऱ्यांच्या मागे उभी राहायची आणि त्यांचा हात कुठे अडतो ते बघायची. चुकलेला माणूस आधीच ओशाळलेला असतो, त्याच्यावर यंत्राने खेकसायचं कशाला, असं तिचं म्हणणं. म्हणून धोटाची वाक्यं ती घरात बोलायची तशीच आहेत. आवाज नाही, नुसती अक्षरं. मागांच्या खडखडाटात आवाज कोण ऐकणार?

ती वर्षभर आजाराशी झगडली आणि गेली. त्यानंतर मला घरात बसवेना. जेवताना मधेच उठायचो. टीव्ही लावायचो आणि चप्पल घालून बाहेर पडायचो. जॉबरला गावातले सगळे शेड उघडे. जिथे काम निघेल तिथे जायचो आणि निघताना त्यांच्या पडद्यावरही तीच चूक करायचो. तिचं वाक्य वाचलं की पुढच्या शेडपर्यंत जाण्याएवढा दम यायचा.

एकदा रावसाहेब चौगुल्याने पकडलं. आम्ही शाळेपासूनचे दोस्त, त्याचा स्वतःचा शेड आहे. मागून येऊन त्याने पडदा वाचला.

‘काय करालायस रे?’

मी पडदा पुसायला लागलो. त्याला कळलं. बराच वेळ तो मानेमागे खाजवत उभा राहिला.

‘भरतेश, ती साऱ्या इचलकरंजीला अहो म्हणते,’ तो म्हणाला. ‘तू एकटाच कुठला?’

मग चहा मागवला आणि सुताच्या भावावर बोलत बसला.

आता यादीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पूर्वी कुठली प्रोग्रामिंग भाषा किती चालते हे ठरवायच्या सोप्या रीती होत्या. लोक तिच्याबद्दल इंटरनेटवर किती शोधतात, नोकरीच्या किती जाहिराती निघतात, किती जण ती शिकवतात, हे मोजायचं आणि क्रम लावायचा. त्यात तेव्हाही खोट होती. जी भाषा लोकांना छळते तिच्याबद्दल लोक जास्त विचारतात, म्हणून ती वर. जी मुकाट काम करते तिच्याबद्दल कोण विचारणार? तरी निभत होतं. मग यंत्रंच कोड लिहायला लागली. यंत्रं लिहिणार, यंत्रंच शोधणार, यंत्रंच एकमेकांना प्रश्न विचारणार. आकडे फुगले. ज्या भाषा एकही माणूस वाचत नव्हता त्या यादीच्या माथ्यावर जाऊन बसल्या. त्यातच एका रसायनाच्या कारखान्यात टाकी फुटली आणि त्या टाकीचा प्रोग्राम वाचून दाखवणारा माणूस कुठे सापडेना. तेव्हा सगळे जागे झाले.

मग मोजणाऱ्यांनी चुका मोजायला घेतल्या.

यंत्रही चुकतं, पण त्याची चूक आज जशी तशीच उद्या. माणूस शेजारचं बटण दाबतो, थांबतो, मागे जातो, पुन्हा लिहितो. दुसऱ्या दिवशी तीच चूक करतो, पण लवकर सावरतो. काही दिवसांनी ती करेनासा होतो. हे कागदावर काढलं तर त्याच्या चुकांची रेघ वरून खाली येताना दिसते. तिला ते लोक उतार म्हणतात. जिथे उतार सापडतात तिथे माणसं शिकतायत, आणि जी भाषा माणसं शिकतायत ती जिवंत. मला हे पटलं होतं. पोर पडतंय म्हणजे चालायला लागलंय.

तेव्हापासून प्रत्येक पडदा कुठली चूक झाली ते आणि त्या वेळची बोटांची लय पुण्याच्या भाषामापन केंद्राला पाठवतो. काम काय चाललंय ते पाठवत नाही, फक्त चूक आणि लय. दर तिमाहीला यादी लागते. तळाशी एक रेघ असते. वर्षाअखेरीला जी भाषा त्या रेघेखाली असेल ती मूक ठरते. तिच्यातलं सगळं काम यंत्र दुसऱ्या भाषेत उतरवतं आणि पडद्याला कुलूप लागतं. पुढे काठ बदलायचा असेल तर यंत्राला विनंती करायची. जुनी वाक्यं अर्थातच जातात. त्या जागी चुकीचा नंबर येतो.

धोटा त्या रेघेच्या जरा वर होती. तेवढी तरी वर का होती, ते मला ठाऊक नव्हतं.

आमची मुलगी सन्मती त्याच केंद्रात आहे. यादी लागण्याआधी शेवटची पारख ती करते. एका कामाच्या दिवशी न कळवता ती आली आणि घरी न जाता थेट शेडमध्ये आली. खांद्याला बॅग तशीच. मला बाहेर बोलावलं.

‘आण्णा, गेल्या वर्षापासून धोटाच्या चुका वाढल्यात,’ ती म्हणाली. ‘गावभरातून. आमच्याकडे सगळ्यांना वाटलं, नवी माणसं शिकतायत.’

मी पान्हा पुसत राहिलो.

‘मी लय काढून बघितली. सगळ्या शेडांत एकच बोटं आहेत. एकच चूक. ती कधी दुरुस्त होत नाही, कमीही होत नाही. उतार नाहीच, सपाट रेघ.’ तिने माझ्या हातातल्या पान्ह्याकडे बघितलं. ‘यादीच्या हिशोबाने तुम्ही यंत्र आहात.’

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मग बाकीचं तिने सांगितलं. मागच्या तिमाहीतच तिला हे दिसलं होतं. तिने डोळे झाकले आणि त्या चुकांवर माणूस असा शिक्का मारला. कुणी तपासलं असतं तर तिची नोकरी गेली असती, आणि यादीवर कुणी विश्वास ठेवला नसता. या वेळी ती डोळे झाकणार नव्हती. माझ्या चुका काढून टाकल्या की धोटा रेघेखाली जाणार होती, आणि ही वर्षाची शेवटची तिमाही होती.

मी म्हटलं, तुझ्या आईची भाषा आहे. तू स्वतःच्या हाताने पुसणार?

‘आईच म्हणायची, खोटी वीण धुतल्यावर दिसते.’

‘तिचं बोलणं तेवढंच उरलंय, सन्मती.’

‘मला माहीत आहे.’ तिने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. ‘वाक्यं मलाही पाठ आहेत, आण्णा. तुम्ही एकटे नाही वाचत.’

अंधार पडायच्या आत जेवायचं ही आमच्या घरातली जुनी रीत. म्हणून दोघं घरी गेलो, भाकरी आणि वांग्याची भाजी वाढून घेतली आणि जेवलो. तिने ताटं घासली. मग ती पुण्याला गेली.

दुसऱ्या दिवशीपासून मी चूक करणं बंद केलं. सन्मतीला दोषी करून मला ती वाक्यं वाचायची नव्हती. पण मग मला कुठेच थांबवेना. एका शेडमध्ये बोल्ट आवळायला गेलो आणि न आवळता परत आलो. पडद्यासमोर हात वर जायचा आणि मी तो खिशात घालायचो. स्कूटरवरून गावाला फेऱ्या मारायचो. पेट्रोल पंपावरच्या माणसाने विचारलं, आण्णा, कुणाला शोधताय?

चौगुल्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, त्यात काय, उद्यापासून हजेरीबरोबर प्रत्येकाने एक चूक करायची, माझ्या शेडचा नियम. मी म्हटलं, त्याने भागणार नाही. माझ्यासारखीच सपाट रेघ येईल. पंचवीस वर्षं धोटा लिहिणारी तुझी माणसं चुकणार कशी? त्यांना ती येते.

‘म्हणजे भाषा चांगली आली की ती मेली?’ चौगुले म्हणाला. ‘कुणाच्या डोक्यातनं निघालंय हे?’

मी त्याला यादीची बाजू सांगायला लागलो आणि मधेच थांबलो. कारण बोलता बोलता माझ्याच ध्यानात आलं. खरा उतार कुणाचा? ज्याला येत नाही त्याचा. आणि मला तर धोटा येतच नव्हती. मला तिच्यातली एक चूक तेवढी येत होती.

चौगुल्याच्या शेडमध्ये शकिला मुजावर कापड तपासायला बसते. टेबलावरून कापड सरकतं, तिचं बोट दोषावर पडतं. दोष दिसला की ती ओरडते आणि माग थांबवायला दुसरं कुणीतरी येतं. आमचं बोलणं तिच्या कानावर गेलं होतं.

‘आण्णा, दोष मी काढायचा आणि माग दुसऱ्याने थांबवायचा,’ ती म्हणाली. ‘मला बी शिकवा की. कुलूप लागल्यावर कोण शिकवणार?’

मी म्हटलं, मला स्वतःलाच येत नाही.

‘मग दोघं मिळून चुकू.’

पाळी सुटल्यावर एक माग आम्हाला मोकळा मिळायचा. त्रिशलाचे पॉलिटेक्निकमधले जुने पाठ घरात होते. ते वाचायचे आणि करून बघायचं. पहिल्याच संध्याकाळी मी काठावर फूल काढायला घेतलं. फूल परत परत काढ, असं लिहिलं. कितीदा ते सांगायचं राहिलं. खरंच राहिलं. माग थांबला आणि पडद्यावर आलं:

‘सुरुवात सांगितली, शेवट नाही. कापड कुठेतरी संपवावं लागतं.’

हे वाक्य मी कधी वाचलं नव्हतं. शेजारच्या, ताणा गुंडाळायच्या रिकाम्या बीमवर बसलो. इतके दिवस मी एकच वाक्य घासत बसलो होतो आणि तिने मागे केवढं तरी ठेवलं होतं.

‘काय झालं आण्णा?’ शकिलाने विचारलं.

‘काही नाही. शेवट राहिला.’

त्यानंतर मला दिवस पुरेनात. मागाखाली आडवा असलो तरी डोक्यात ओळी चालायच्या. संध्याकाळी येऊन त्या लिहायच्या आणि चुकायचं. प्रत्येक नव्या चुकीला नवं वाक्य. ‘एवढी गाठ कशाला? दोन ओळींत होईल.’ ‘हा रंग आपल्याकडे नाही. आहेत त्यातला घ्या.’ ‘मघाशी वेगळं म्हणालात. कुठलं खरं?’ हे शेवटचं तर ती घरात आठवड्यातून एकदा तरी मला म्हणायचीच.

शकिलाने तिच्या नणंदेला आणलं. घडी घालणाऱ्या बायका आल्या. कुलूप लागणार हे गावात पसरलं तशी माणसं वाढली. ज्यांना कधी पडद्याला हात लावू दिला नव्हता, ते आले. धोटा येणारे जुने विणकर मागे उभे राहून हसायचे, पण सांगायचे नाहीत. मी बजावलं होतं, चुकू द्या. शेवटी चौगुलेही आला. मालक, पण पडद्याला कधी शिवलेला नव्हता. त्याने जोरजोरात बटणं दाबली. पडद्यावर आलं, ‘हे मला कळलं नाही. रागावू नका, परत सांगा.’

‘बघ,’ तो सगळ्यांकडे वळून म्हणाला, ‘वैनीला माझा स्वभाव ठाऊक होता.’

हसणं मागांच्या आवाजाच्या वर गेलं.

मी मात्र पुढे पुढे जात होतो आणि ते मला कळत नव्हतं. एका संध्याकाळी मी आख्खा काठ लिहिला. मधे फूल, दोन्ही बाजूंनी रेघा, कोपऱ्यात वळण. बटण दाबलं. माग सुरू झाला आणि काठ उतरायला लागला, जसा मनात होता तसा. शकिलाने कापडावरून बोट फिरवलं आणि दोष नाही म्हणून मान हलवली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पडदा बघत होतो. पडदा कोरा होता.

पुढच्या दिवशीही कोरा. त्याच्या पुढच्याही.

एकदा कुणी नसताना मी जुनी चूक करायला गेलो. एकच, माझ्यापुरती, सन्मतीने काढून टाकली तरी चालेल म्हणून. बाणा लिहायला हात उचलला आणि बोटांनी आधी ताणा लिहिला. पुसलं. परत लिहायला गेलो. परत ताणा. माग सुरू झाला. मी तो बंद केला आणि शेडबाहेर जाऊन उभा राहिलो.

यादी लागली त्या दिवशी चौगुल्याच्या शेडमध्ये सगळे मोबाइल हातात घेऊन उभे होते. धोटा रेघेच्या वर होती. फार वर नाही, पण वर. कुणीतरी पेढे आणायला धावलं. तेवढ्यात सन्मतीचा फोन आला.

‘एकेक तपासला, आण्णा,’ ती म्हणाली. ‘सगळे उतार खरे आहेत.’

‘माझा?’

‘तुमचा सगळ्यात स्वच्छ. तो आता शून्याला टेकलाय. पुढच्या वेळी तुम्ही मोजणीत नसाल. म्हणजे तुम्हाला आईची भाषा आली.’

मी बरं म्हटलं. तिच्या नाक ओढण्याचा आवाज आला, मग तिने विचारलं, जेवण वेळेवर होतं का?

पण यादी दर तिमाहीला लागते. शकिलाही शिकली. दोष दिसला की आता ती स्वतः माग थांबवते, काठ सुधारते आणि परत चालू करते. तिची नणंद शिकली. चौगुलेसुद्धा शिकला, त्याला वेळ लागला एवढंच. सगळ्यांच्या रेघा खाली आल्या. म्हणजे आता नवी माणसं हवीत आणि ती शिकली की आणखी नवी. याला शेवट नाही. मी स्कूटर काढतो आणि हिंडतो. सायझिंगमध्ये, सुताला खळ लावतात तिथे जातो, गोदामात जातो, रंगवाल्यांकडे जातो. पंपावरचा माणूस विचारतो, आण्णा, आज कुणाला शोधताय? मी म्हणतो, तुलाच, ये सोमवारी. दर सोमवारी नवा वर्ग बसतो.

मागच्या यादीच्या आधी सन्मतीचा फोन आला होता. यादीबद्दल ती आधी कधी बोलत नाही.

‘आण्णा, एक विचारू? तुमच्या वर्गातला प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी एकच चूक करतो. ताणा सांगायचा विसरतो. प्रत्येक जण.’

‘नवी माणसं आहेत. होतं.’

‘शिकवताना तुम्ही ताण्याचं सांगता ना?’

‘सांगतो की,’ मी म्हटलं. ‘दुसऱ्या दिवशी.’

मला वाटलं, आता ही कायदा काढणार. मी खिडकीपर्यंत गेलो आणि परत आलो.

‘चूक खरी आहे,’ ती शेवटी म्हणाली. ‘करणाऱ्याला ठाऊक नसतं. उतारही खरा आहे. काढता यायची नाही.’ मग हळू आवाजात म्हणाली, ‘सोमवारी मी इचलकरंजीत असले तर मागे उभी राहीन. चालेल?’

या सोमवारी ती आली. नवा माणूस होता मारुती कुंभार, सायझिंगमधून निवृत्त झालेला. मी त्याला फूल कसं काढायचं ते सांगितलं, काठ सांगितला, थांबवायचं कसं ते सांगितलं. ताण्याचं सांगितलं नाही. त्याने एकेक अक्षर शोधून बाणा लिहिला आणि बटण दाबलं. माग हलला नाही. पडद्यावर अक्षरं आली. त्याने चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचली. मागे वळून बघितलं तर सन्मतीचे ओठ हलत होते.

मारुतीआण्णा माझ्याकडे वळला. ‘बाईमाणसाचं बोलणं वाटतंय की वं. कोण म्हणायचं हे?’

‘ती म्हणतेय ते करा,’ मी म्हटलं. ‘आधी ताणा सांगा. घाई नाही.’